निवड आपली, शेवट कुणाचा?

या व्याख्यानाची पत्रिका वाटल्यापासून मला चारपाच जणांचे फोन आले. "सर, छपाईची चूक झालीय का? व्हिडिओ गेम असं छापलंय." चूक नाही. तीस-पस्तीस वर्षं मी पोरांना कांट आणि शंकराचार्य शिकवले, आणि आज सांगोल्यात उभा राहून एका व्हिडिओ गेमच्या शेवटाबद्दल बोलणार आहे. मागच्या रांगेतली तरुण मंडळी आत्ता जरा सावरून बसली, ते मला दिसलं. (हशा)

गोष्ट २०१२ सालच्या पाडव्याची. माझा पुतण्या तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. सणाला घरी आला, पण तोंड उतरलेलं. जेवणात लक्ष नाही, श्रीखंडाला हात नाही. आईला वाटलं विषय राहिले असतील. मला वाटलं, वय आहे, दुसरं काही असेल. संध्याकाळी गच्चीवर गाठून विचारलं, तर म्हणाला, "तात्या, हसू नका. मी चार वर्षं एक गेम खेळत होतो, त्याचा तिसरा भाग या महिन्यात आला. शेवट बघितला. माझी चार वर्षं वाया गेली असं वाटतंय."

मी हसलो नाही, पण त्याहून वाईट केलं. त्याला गीता सांगितली. कर्म तुझ्या हाती, फळ नाही, वगैरे. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली, खाली जाऊन झोपला. मीही समाधानानं झोपलो. प्राध्यापकाला असं समाधान फार स्वस्तात मिळतं.

हा गेम कोणता, ते आधी सांगतो, कारण निम्म्या सभागृहाला माहीत नसणार. 'मास इफेक्ट' नावाची तीन भागांची मालिका. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीनं केलेली. पहिला भाग २००७ साली आला, दुसरा २०१० साली आणि तिसरा ६ मार्च २०१२ ला. गोष्ट अंतराळातली. रीपर नावाची यंत्रांची एक जात आहे. दर पन्नास हजार वर्षांनी ती येते, आकाशगंगेतल्या सगळ्या प्रगत संस्कृती कापून नेते आणि निघून जाते. आता तिची यायची वेळ झाली आहे. तिला थोपवायचं काम कमांडर शेपर्ड या नायकाकडे, किंवा नायिकेकडे, कारण पुरुष की स्त्री, चेहरा कसा, पूर्वायुष्य कोणतं, हे सगळं खेळणाऱ्यानं ठरवायचं. शेपर्ड म्हटल्यावर आपल्या माणदेशात डोळ्यांसमोर मेंढपाळ येणार, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी. मलाही तसंच वाटलं होतं. पण ते नाव ॲलन शेपर्डवरून घेतलंय, १९६१ साली अवकाशात गेलेला पहिला अमेरिकन. असो.

या मालिकेचं वेगळेपण काय? खेळणारा पावलोपावली निवड करतो आणि त्या निवडी खेळ लक्षात ठेवतो. पहिल्या भागात व्हर्मायर नावाच्या ग्रहावर एक प्रसंग आहे. अ‍ॅशली आणि केडन हे तुमचे दोन सहकारी दोन ठिकाणी अडकलेत, स्फोट होणार आहे आणि एकालाच वाचवता येतं. दोघांना वाचवायची वाटच ठेवलेली नाही. जो मेला तो कायमचा मेला. जो वाचला तो दुसऱ्या भागात तुम्हाला भेटतो, तिसऱ्यातही भेटतो. हे घडतं कसं, तर संगणकात तुमच्या निवडींची एक फाइल जपून ठेवलेली असते आणि पुढचा भाग सुरू करताना ती आधी वाचली जाते. तरुण मंडळी तिला सेव्ह फाइल म्हणतात. मी वही म्हणणार आहे. का, ते पुढे कळेल.

तर पुतण्यानं अशी वही चार वर्षं जपली. मधे त्याचा लॅपटॉप बिघडला, तेव्हा म्हणे दुरुस्तीवाल्याला सांगितलं, बाकी काही गेलं तरी चालेल, एवढी एक फाइल वाचवा.

आणि शेवटी काय होतं? शेपर्ड जखमी अवस्थेत शेवटच्या ठिकाणी पोचतो. तिथे लहान मुलाच्या रूपात एक शक्ती प्रकट होते, जिचा आधीच्या दोन भागांत मागमूसही नाही. ती सांगते की यंत्रं आणि त्यांना घडवणारे जिवंत प्राणी यांच्यात संघर्ष अटळ आहे, म्हणून रीपर ही कापणी करतात. मग ती तीन वाटा दाखवते. सगळी यंत्रजात नष्ट कर, किंवा रीपरांचा ताबा घे, किंवा सजीव आणि यंत्र यांना एकजीव कर. एक वाट लाल, एक निळी, एक हिरवी. कोणतीही घ्या, पुढे पडद्यावर दिसायचं ते जवळजवळ एकच. स्फोट, लाट, कोसळणारं यान, फक्त रंग वेगळा. तुम्ही अ‍ॅशलीला वाचवलं की केडनला, कुणाशी दगा केला, कुणासाठी जीव धोक्यात घातला, याचा उच्चारही नाही.

मग जगभर गदारोळ झाला. खेळणाऱ्यांनी निषेध म्हणून आजारी मुलांना खेळणी पुरवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेसाठी ऐंशी हजार डॉलरच्या वर निधी जमवला. मला हा निषेध फार आवडला. एकानं थेट अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली, आपल्याकडे ग्राहक मंचात जावं तशी. का, तर जाहिरातीत एक सांगितलं आणि माल दुसरा निघाला. सगळ्यात खट्याळ निषेध केकचा. चारशे छोटे केक कंपनीच्या पत्त्यावर गेले. वरून लाल, निळे, हिरवे, आणि आतून सगळ्यांची चव एकच, व्हॅनिला. (हशा) कंपनीनं ते बेघर मुलांच्या निवाऱ्याला देऊन टाकले.

यात तत्त्वज्ञानाचं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही दहा वर्षं तेच म्हणत होतो.

माझा धाकटा भाऊ इथे जवळच वस्तीवर राहतो. पुतण्याचे वडील. २००९ साली त्यानं अडीच एकर डाळिंब लावलं, भगवा. डाळिंब कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगू, या सभागृहात माझ्याहून जाणकार पन्नास जण बसलेत. बाहेरगावाहून ऐकणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की डाळिंबात शेतकरी सतत निवडी करत असतो. बहार कोणता धरायचा, मृग, हस्त की आंबे? ताण किती दिवस द्यायचा? छाटणी कधी, पहिलं पाणी कधी, कोणती फवारणी, झाडावर फळं किती ठेवायची? भावानं या सगळ्याची वही ठेवली होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, पहिली भरली की दुसरी. तारीख, पाऊस, फवारणी, खर्च, भाव. २०१२-१३ च्या दुष्काळात, जेव्हा तालुक्यात चारा छावण्या होत्या, तेव्हा टँकरच्या खेपा किती विकत घेतल्या तेही त्यात आहे. सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात तो जायचा, विचारून यायचा आणि तेही लिहायचा.

पुढे तेल्या आला, त्यातून बाग निभावली. मग मर आली, आणि खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा तो भुंगेरा आला. एकेक झाड पिवळं पडून वाळायला लागलं. आपल्या तालुक्यात तेव्हा किती बागा गेल्या ते तुम्ही पाहिलंय. ज्यानं वही ठेवली त्याची गेली आणि ज्यानं काहीच केलं नाही त्याचीही गेली. २०२२ साली भावानं जेसीबी लावून बाग काढली. संध्याकाळी माझ्याकडे आला, पिशवीतून तिन्ही वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "दादा, ह्याचं आता काय करू?"

मला गीता सांगता आली नाही. जीभच उचलली नाही. आणि त्याच वेळी दहा वर्षांपूर्वीची ती गच्ची आठवली. बापलेकांनी मला एकच प्रश्न विचारला होता, दहा वर्षांच्या अंतरानं, आणि पोराच्या प्रश्नाला मी खेळ समजून वाटेला लावलं होतं.

मी पुतण्याला फोन केला. म्हटलं, तो गेम मला दाखव. पुढच्या दिवाळीत त्यानं लॅपटॉप आणला, शेजारी बसवलं आणि आठ-दहा दिवस मी बघत होतो. बटणं मला दाबता येत नाहीत, पण निवड करायची वेळ आली की तो थांबायचा आणि विचारायचा, "तात्या, काय करू?" व्हर्मायरला मी त्याला पंधरा मिनिटं थांबवून ठेवलं.

आता प्रश्न नीट मांडू. शेवट एकच असेल तर निवडीला अर्थ असतो का? सतराव्या शतकातल्या जॉन लॉकनं एक उदाहरण दिलंय. एका माणसाला झोपेत उचलून एका खोलीत नेलं. जागा झाला तर समोर त्याचा आवडता माणूस, ज्याला भेटायची त्याला ओढ होती. तो आनंदानं तिथेच थांबला, गप्पा मारत बसला. खोलीला बाहेरून कुलूप आहे हे त्याला माहीतच नाही. आता तो स्वखुशीनं थांबला की नाही? थांबला. बाहेर जाता आलं असतं का? नसतं. लॉकला यातून सांगायचं होतं की स्वखुशी वेगळी आणि स्वातंत्र्य वेगळं. १९६९ साली हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञानं हाच धागा पुढे नेला: दुसरी वाट नव्हती म्हणून माणसाची जबाबदारी संपत नाही. म्हणजे कुलूप असलं तरी थांबणं त्याचंच. या हिशेबानं पुतण्याची चार वर्षं वाया गेली नाहीत. व्हर्मायरवर त्यानं अ‍ॅशलीला वाचवलं ते त्यानंच वाचवलं, शेवटचा रंग कोणताही असो.

तर्क बरोबर आहे. पण भावाला हे सांगून बघा. "तू केलेलं तुझंच आहे," असं म्हटल्यावर तो म्हणेल, माझंच आहे हे मला ठाऊक आहे, ते दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे का?

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. लोक चिडले ते शेवट दुःखाचा होता म्हणून, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. मला ते पटत नाही. 'एकच प्याला' बघून आपली माणसं डोळे पुसत घरी गेली, कुणी गडकऱ्यांना केक पाठवले नाहीत. दुःखाचं वावडं प्रेक्षकाला नसतं. इथे दुखणं असं होतं की ज्या खेळानं इतकी वर्षं सांगितलं, "तुमची वही मी वाचतो", त्यानं शेवटच्या दिवशी ती उघडलीच नाही.

आणि वाचायची त्याला येत नव्हती असंही नाही. याच तिसऱ्या भागात मधे एक प्रकरण आहे. क्वेरियन नावाच्या लोकांनी गेथ ही यंत्रं घडवली, मग त्यांच्यात युद्ध पेटलं, तीनशे वर्षांचं वैर. खेळणाऱ्यानं दुसऱ्या भागापासून काही निवडी विशिष्ट तऱ्हेनं केल्या असतील, तरच इथे दोघांत समेट होतो. नसतील, तर एक बाजू संपते. म्हणजे जुनी वही उघडून, पान उलटून, हिशेब दाखवला जातो. पुतण्यानं तो समेट घडवला होता. आणि पुढे तेच बालरूप त्याला सांगतं की यंत्र आणि सजीव यांचा समेट अशक्य आहे! अहो, आत्ता करून आला की तो. पण शेपर्डला ते बोलायची सोयच ठेवलेली नाही. विद्यार्थ्याच्या हातात पुरावा आहे आणि परीक्षक म्हणतोय, प्रश्न विचारू नका, तिन्हींपैकी एकावर खूण करा. वर आणखी एक गंमत. सगळ्या निवडींचं शेवटी गुणांत रूपांतर केलेलं. एका प्राणिजातीच्या राणीला पहिल्या भागात जीवदान द्यायचं की नाही, यावर पोरं रात्र रात्र वाद घालत होती. शेवटी काय, तर युद्धाच्या तयारीत अमुक इतके गुण. दयेचीसुद्धा गुणपत्रिका. आम्ही मास्तर लोकसुद्धा इतकं करत नाही.

ॲरिस्टॉटलनं 'काव्यशास्त्रा'त हा दोष फार पूर्वी दाखवलाय. गाठ कथानकातूनच सुटावी, यंत्रानं वरून देव उतरवून सोडवू नये, आणि उदाहरण म्हणून युरिपिडीसच्या 'मीडिया'कडे त्यानं बोट दाखवलं. पण मला आपल्या भरताचं जास्त जवळचं वाटतं. 'नाट्यशास्त्रा'त नाटकाच्या पाच संधी सांगितल्यात. शेवटच्या संधीचं नाव निर्वहण. आधी पेरलेलं बीज, पुढच्या टप्प्यांत विखुरलेले अर्थ, हे सगळं तिथे एकत्र आणायचं. सुखान्त की दुःखान्त, हा प्रश्न वेगळा. विखुरलेलं गोळा झालं का, हा निर्वहणाचा प्रश्न.

आणि निर्वहण कसं असावं ते बघायचं तर महाभारताचं शेवटचं पर्व बघा, स्वर्गारोहण. धर्मराज स्वर्गात पोचतो आणि समोर दिसतो दुर्योधन, थाटात बसलेला. भाऊ कुठे? दूत त्याला दुर्गंधीच्या, अंधाऱ्या वाटेनं नेतो. तिथून भावांचे, द्रौपदीचे आवाज येतात. तो म्हणतो, मग मी इथेच थांबतो. आणि मग कळतं की ही सगळी माया होती. गंमत अशी की 'मास इफेक्ट'च्या चाहत्यांनीही २०१२ साली असाच एक सिद्धांत काढला होता: शेवटचा सगळा प्रसंग हा शेपर्डच्या मनावर रीपरांनी घातलेला भ्रम आहे, खरा शेवट अजून यायचाय. कंपनीनं तो कधी मान्य केला नाही. पण माणूस कुठलाही असो, शेवट सोसेना की तो मायेकडे वळतो.

फरक एवढाच की व्यासांनी वही उघडली. नरक का दाखवला? इंद्र सांगतो, तू द्रोणाला त्याच्या मुलाबद्दल फसवलं होतंस, म्हणून. द्रोणपर्वातली ती एक अर्धीमुर्धी खोटी गोष्ट, इतक्या पर्वांनंतर, नोंदवलेली आहे. आणि धर्म सांगतो, ही माझी तिसरी परीक्षा. पहिली द्वैतवनात, यक्षाच्या वेळची. दुसरी, कुत्रा होऊन आलो ती. म्हणजे युधिष्ठिराच्या निवडी त्याच्यासमोर एकेक करून वाचून दाखवल्या जातात. युद्धात मेलेले परत येत नाहीत, कुरुक्षेत्र पुसलं जात नाही. तरी वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटत नाही.

आता लेखकाच्या हक्काचा मुद्दा. वाचकांनी ओरडा केला म्हणून शेवट बदलावा का? कॉनन डॉइलनं १८९३ साली होम्सला मारलं आणि १९०३ साली परत आणलं. गोष्टी पुढे चांगल्या झाल्या, पण त्या धबधब्याच्या प्रसंगाची धार कायमची गेली, असं माझं मत. ज्यांनी शेपर्डला जिवंत आणा, लग्न लावून द्या, अशा मागण्या केल्या त्यांच्याबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. पण "मी जे केलं त्याचं काय झालं, तेवढं सांगा" असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं रास्त होतं. ज्यानं वही ठेवायला लावली, त्यानं ती वाचायला हवी. हा व्यवहारातला साधा प्रामाणिकपणा आहे.

बायोवेअरनं नेमका हाच भेद ओळखला असावा. २६ जून २०१२ ला त्यांनी वाढवलेला शेवट फुकट दिला. तीन वाटा त्याच ठेवल्या. पण आता त्या बालरूपाला प्रश्न विचारता येतात. सहकारी कुठे गेले ते दिसतं, आणि शेवटी एकेक चित्र येतं, तुम्ही वाचवलेल्या माणसांचं, वसवलेल्या जगांचं, ज्याच्या त्याच्या निवडींप्रमाणे. पुष्कळांचा राग त्यानं निवळला, काहींचा नाही. पुतण्या म्हणाला, "तात्या, शेवट मला अजून पटत नाही. पण आता त्याच्याशी माझं भांडण नाही." मला हे वाक्य फार मोलाचं वाटलं. एखाद्या शेवटाशी समेट होणं म्हणजे तो आवडणं नव्हे, हे पोराला कळलं होतं आणि मला सत्तरीत कळत होतं.

त्या वाढीव शेवटात चौथीही वाट आहे: नकार. शेपर्ड म्हणू शकतो, तुझ्या तिन्ही वाटा मला नकोत. मग काय होतं? हार. सगळ्यांचा संहार. पण लियारा नावाची एक संशोधक सहकारी आहे, तिनं त्या अगोदरच सगळ्या युद्धाच्या नोंदी करून ठिकठिकाणी पुरून ठेवलेल्या असतात. काय केलं, काय फसलं, शत्रू कसा आहे. पन्नास हजार वर्षांनी येणारे पुढचे लोक त्या नोंदी वाचतात, आणि ते जिंकतात.

हे बघताना भाऊ मागे येऊन उभा होता. त्याला गेममधलं काही कळत नव्हतं, इंग्रजी तर अजिबात नाही. पुतण्यानं मराठीत सांगितलं. भाऊ काही बोलला नाही. चहाचा कप ठेवून बाहेर गेला.

तिन्ही वह्या अजून माझ्या कपाटात आहेत. मी आता त्या वाचतोय, रोज चारपाच पानं. कळत नाही ते फोन करून विचारतो: हे "ता. सोडला" म्हणजे काय? ताण सोडला. बरं, आणि १४ तारखेला फवारणी का टाळली? मग तो वीस मिनिटं बोलतो. बाग काढल्यापासून डाळिंबाचं नाव न काढणारा माणूस. मी यातून शेती शिकणार नाही, हे त्यालाही माहीत आहे.

(प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीनं विचारलं: सर, तुमच्या पुतण्यानं शेवटी कोणता रंग निवडला?)

चांगला प्रश्न. २०१२ साली त्यानं लाल निवडला होता. माझ्याबरोबर बसला तेव्हा नकार. आणि आता मी ऐकतो की त्यानं पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केलंय, तिसऱ्यांदा. या खेपेला व्हर्मायरवर त्यानं केडनला वाचवलं आणि अ‍ॅशलीला जाऊ दिलं. मी विचारलं, का रे, इतकी वर्षं तिला वाचवत आलास? तर म्हणाला, "केडन पुढे काय बोलतो ते मी कधी ऐकलंच नव्हतं."

वेळ झालीय. आयोजक घड्याळाकडे बघतायत. थांबतो.